पाणाड्या, बोअर आणि एक बायोटेक शेअर

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार. अमेरिकेतला शेअर बाजार उघडायच्या आधीच कॅसावा सायन्सेस या कंपनीने एक निवेदन काढलं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातली ही छोटी औषध कंपनी, आणि तिचा सगळा जीव सिमुफिलाम नावाच्या एका गोळीत. अल्झायमर झालेल्या ८०४ रुग्णांवर ५२ आठवडे या गोळीची चाचणी चालली होती. निकाल असा, की खरी गोळी घेणारे आणि औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणारे, यांच्यात सांगण्यासारखा फरक नाही. शुक्रवारी २६ डॉलरच्या आसपास बंद झालेला शेअर सोमवारी चारच्या घरात आला. एका दिवसात ८० टक्क्यांहून जास्त रक्कम गेली.

त्यानंतर भागधारकांचा जो संताप उसळला, तो समजण्यासारखा होता. कंपनीने फसवलं, मंदीवाल्यांनी (म्हणजे शेअर पडण्यावर पैसे लावणाऱ्यांनी) बदनाम केलं, सरकारी नियामक झोपले होते. प्रत्येक आरोपात थोडंफार तथ्य आहे. पण या रागात दोन वेगळी खाती एकत्र मिसळली जातात, एक कंपनीचं आणि एक आपलं स्वतःचं. ती सुटी करून पाहणं हाच या लेखाचा उद्योग आहे.

आधी हा धंदा काय असतो ते पाहू. साबण बनवणारी कंपनी असेल तर तिचा माल विकला जातो, नफा होतो, त्यावरून शेअरचा भाव ठरतो. छोट्या बायोटेक कंपनीकडे बहुतेक वेळा विकायला काहीच नसतं. पुढे औषध होईल अशी आशा असलेला एक रेणू असतो, काही शास्त्रज्ञ असतात आणि बँकेत काही पैसे असतात. हे दुकान नाही, ही बोअर आहे.

मराठवाड्यात ज्याने कधी बोअर मारलीय त्याला पुढचं सांगायला नको. पाणाड्या नारळ तळहातावर धरून शेतात फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो, आणि तो सांगतो, ‘इथं दोनशे फुटांवर दोन इंच पाणी.’ गाडी येते. पैसे फुटावर. दोनशे फूट होतात, नुसती धूळ. अडीचशेला जरा ओल लागते. गाडीवाला म्हणतो, ‘मालक, ओल लागलीय, आता थांबू नका.’ मालक थांबत नाही. पाणी लागो न लागो, गाडीवाल्याचं बिल फुटावर ठरलेलंच असतं.

बायोटेकमध्ये फुटांऐवजी टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात औषध माणसाला सोसतं का ते पाहतात, दुसऱ्यात थोड्या रुग्णांवर गुण येतो का ते, आणि तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्णांवर त्याच प्रश्नाचं पक्कं उत्तर शोधतात. २०११ ते २०२० या दहा वर्षांतल्या चाचण्यांचा अमेरिकेतल्या उद्योग संघटनेने केलेला अभ्यास आहे. पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दर शंभर औषधांपैकी शेवटी मंजुरीपर्यंत पोचली ती आठच्या आसपास. सर्वात जास्त गळती दुसऱ्या टप्प्यात, तिथून पुढे गेली जेमतेम २९ टक्के. हे झालं सगळ्या आजारांचं मिळून. अल्झायमरची जमीन त्याहून खडकाळ. २००२ ते २०१२ या काळात २४४ रेणू तपासले गेले आणि मंजूर झाला एक. अलीकडे लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही दोन इंजेक्शनं मंजूर झाली आहेत, पण ती मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनावर काम करतात. सिमुफिलामचा दावा अगदी वेगळा होता. फिलामिन-ए नावाचं एक प्रथिन अल्झायमरमध्ये वाकडं होतं आणि ही गोळी ते सरळ करते, असं कंपनीचं म्हणणं. या कल्पनेच्या मागे कंपनी आणि तिच्या जवळचे मोजके संशोधक सोडले तर फारसं कोणी नव्हतं.

म्हणजे या शेतात पाणी लागणं हाच अपवाद. हे आकडे गुपित नव्हते.

आता या बोअरचा इतिहास. कॅसावाचं जुनं नाव पेन थेरप्युटिक्स. तेव्हा त्यांच्याकडे रेमॉक्सी नावाची वेदनाशामक कॅप्सूल होती. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, ती अनेकदा परत पाठवली, शेवटची २०१८ मध्ये. २०१९ मध्ये कंपनीने नाव बदललं आणि सगळं लक्ष अल्झायमरवर वळवलं. प्रमुख तेच, रेमी बार्बिए. संशोधनाची धुरा लिंडसे बर्न्स यांच्याकडे, आणि त्या बार्बिए यांच्या पत्नी. यात बेकायदा काही नाही. पण ज्या कंपनीत औषधाचा निकाल वाचणारी आणि तो बाजाराला सांगणारी माणसं एकाच घरातली आहेत, तिथे आपण जरा सावरून बसायला हवं होतं की नाही?

मे २०२० मध्ये दुसऱ्या टप्प्यातल्या एका चाचणीचा निकाल आला. ६४ रुग्ण, २८ दिवस. मेंदूभोवतीच्या पाण्यातले आजाराचे अंश कमी होतात का, हे पाहायचं होतं. उत्तर आलं, नाही. शेअर कोसळला. कंपनीने सांगितलं की प्रयोगशाळेच्या मोजणीतच गडबड आहे, आणि नमुने दुसरीकडे तपासायला दिले. दुसरीकडे म्हणजे कुणाकडे? न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठातल्या ज्या प्राध्यापकांनी या औषधावर सुरुवातीपासून काम केलं होतं आणि जे कंपनीचे सल्लागार होते, त्यांच्याकडे. सप्टेंबर २०२० मध्ये तेच नमुने बोलू लागले. औषध काम करतंय, म्हणाले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढची बातमी. सहा महिने गोळी घेतलेल्या पहिल्या ५० रुग्णांची स्मरणशक्ती ढासळण्याऐवजी थोडी सुधारली. वर्षाच्या सुरुवातीला सात डॉलरच्या आसपास असलेला शेअर उसळला. कंपनीने लगेच ४९ डॉलरने नवे शेअर विकून २० कोटी डॉलर उभे केले. जुलैअखेर भाव १३० च्या वर. विकायला एकही औषध नसलेल्या कंपनीची बाजारातली किंमत ५०० कोटी डॉलरपलीकडे.

इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख त्या ५० रुग्णांत आहे. त्या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता. सगळ्यांना खरी गोळी, आणि ती खरी आहे हे रुग्णाला, घरच्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांना माहीत. अशा वेळी माणसं उमेदीने उत्तरं देतात. तीच परीक्षा पुन्हा दिली की थोडा सरावही होतो. आणि मोजले जातात ते सहा महिने टिकलेले. ज्यांचं बिनसलं आणि जे मध्येच गेले, ते या सरासरीत नाहीत. दहावीचा निकाल काढताना नववीत शाळा सोडलेली मुलं धरली नाहीत, तर कुठल्याही शाळेचा निकाल झकास दिसेल. सहा महिन्यांत एक-दीड गुणाचा फरक, तोही सत्तर गुणांच्या मोजपट्टीवर, इतक्या गोष्टींनी पडू शकतो की त्यात औषधाचा हात आहे का हे ओळखताच येत नाही. ओळखायचं असेल तर शेजारी दुसरा गट लागतोच. तो गट तिसऱ्या टप्प्यात आला आणि ओल होती तिथेच विरली.

ऑगस्ट २०२१ मध्ये डेव्हिड ब्रेड्ट आणि जेफ्री पिट या दोन शास्त्रज्ञांच्या वतीने एफडीएकडे एक याचिका गेली. कंपनीच्या संशोधनातली चित्रं आणि आकडे संशयास्पद आहेत, चाचण्या थांबवा, असं तिचं म्हणणं. दोघांनी शेअर पडण्यावर पैसे लावले होते. भागधारकांनी तेवढंच धरून ठेवलं. मंदीवाल्यांचा यात स्वार्थ होता हे खरं, तो त्यांनी लपवलाही नाही. पण स्वार्थ तेजीवाल्यांचाही होता, आणि ज्याच्याकडे शेअर आहे त्याच्या मताला आपण कधी ‘तुझा यात स्वार्थ आहे’ म्हणत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एफडीएने ती याचिका फेटाळली. ‘क्लीन चिट मिळाली’ असा जल्लोष झाला. प्रत्यक्षात एफडीएने एवढंच म्हटलं होतं की चौकशीची मागणी करायला हा अर्ज हा मार्ग नव्हे. आरोपांवर तिने मत दिलंच नव्हतं. खिडकी चुकली म्हणून कारकुनाने अर्ज परत केला, तर त्याला खटला जिंकणं म्हणत नाहीत.

असाच दुसरा गैरसमज. चाचणी चालू असताना एक स्वतंत्र समिती अधूनमधून आकडे पाहते. ‘आहे तशी चालू ठेवा,’ असं तिने सांगितलं की कंपनी तशी बातमी काढते आणि भागधारक पेढे वाटतात. इथे ती समिती पाहत होती ते सुरक्षेकडे. रुग्णांना इजा होत नाहीये, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. गुण येतोय असं त्यात कुठेही नसतं.

आता खाती.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने, म्हणजे एसईसीने, कंपनीवर कारवाई केली. नियामकाच्या म्हणण्यानुसार २०२० च्या त्या चाचणीत स्मरणशक्तीचं विश्लेषण करताना बर्न्स यांनी ४० टक्के रुग्णांची माहिती बाजूला काढली होती, आणि सगळे रुग्ण धरले तर सुधारणा दिसतच नव्हती. ही गोष्ट गुंतवणूकदारांना सांगितली गेली नाही. कुठल्या रुग्णाला खरी गोळी आणि कुणाला नुसती, हे नमुने तपासणाऱ्यापर्यंत काही प्रमाणात पोचलं होतं, असाही ठपका होता. पेपर तपासणाऱ्याला विद्यार्थ्यांची नावं कळली तर ती परीक्षा राहत नाही. कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ४ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. बार्बिए आणि बर्न्स यांनी त्याआधीच जुलैमध्ये पदं सोडली होती. त्यांच्यावर सूचिबद्ध कंपनीत वरिष्ठ पद घ्यायला काही वर्षांची बंदी आली आणि अनुक्रमे १ लाख ७५ हजार आणि ८५ हजार डॉलर दंड. त्या प्राध्यापकांवर जून २०२४ मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले होते, २०२५ मध्ये सरकारनेच तो खटला मागे घेतला. त्यामुळे त्यांना गुन्हेगार म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

दंडाच्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. कंपनीने ४ कोटी, दोघांनी मिळून २ लाख ६० हजार. आणि कंपनीचे पैसे म्हणजे कुणाचे? भागधारकांचे. सुमारे पाच कोटी शेअर बाजारात होते, म्हणजे दर शेअरमागे ८० सेंटच्या आसपास. ज्याला फसवलं असं नियामक म्हणतो, त्याच्याच खिशातून दंडाचा मोठा भाग गेला. यावर भागधारक चिडले तर त्यांच्या रागाला मी शंभर टक्के पाठिंबा देईन. हा राग ‘बाजारात जोखीम असतेच’ असं म्हणून झटकता येत नाही. जोखीम पाणी न लागण्याची असते. ओल लागली नसताना ‘लागली’ सांगणं ही जोखीम नव्हे.

एक जुनी गोष्टही याच खात्यात. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने वरिष्ठांसाठी बक्षिसाची एक योजना केली. ते बक्षीस औषधाच्या मंजुरीशी बांधलेलं नव्हतं, कंपनीच्या बाजारमूल्याशी बांधलेलं होतं. मूल्य ठरावीक पायऱ्या चढलं की हिशोबात भर. पैसे हातात पडायला आणखी अटी होत्या हे खरं. पण गाडीवाल्याचं बिल कशावर ठरलंय हे जाहीर कागदपत्रांत होतं, आणि इथून आपलं खातं सुरू होतं.

कारण जबाबदारी कुणाची, याचं उत्तर तारखेवर अवलंबून असतं. ज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये शेअर घेतला, त्याला ४० टक्क्यांची गोष्ट ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तेवढ्यापुरती त्याची फसगत झाली. पण तुलनेचा गट नाही हे त्याच बातमीत होतं. पहिली तपासणी फसली आणि मग तेच नमुने पुन्हा तपासले गेले, हेही जाहीर होतं. आणि ज्याने २४ नोव्हेंबर २०२४ पर्यंत शेअर ठेवला, त्याच्या हातात तर दोन महिने एसईसीचा आदेश होता. प्रमुख गेलेले, दंड भरलेला, ४० टक्क्यांची गोष्ट छापून आलेली. तरीही तो थांबला. त्या थांबण्याची जबाबदारी बार्बिए यांच्यावर कशी टाकणार? एकाच माणसाची दोन तारखांना दोन वेगळी उत्तरं येतात. मला वाटतं बहुतेक भांडणं यामुळेच सुटत नाहीत, कारण भांडणारे तारीख न सांगता भांडतात.

याचा अर्थ शेवटपर्यंत थांबलेला प्रत्येक जण मूर्ख होता असाही नाही. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. समजा एखाद्याने मनाशी असा हिशोब केला, की चाचणी यशस्वी व्हायची शक्यता दहात एक, झाली तर शेअर २०० डॉलरला जाईल, नाही झाली तर ४ ला. दोन्हीची भारित सरासरी, म्हणजे २०० चा एक वाटा आणि ४ चे नऊ वाटे धरून, येते २३ डॉलर ६० सेंट. बाजारातला भाव २६. म्हणजे भाव स्वतःच सांगत होता की बहुतेकांना हे औषध चालेल असं वाटत नाही. लॉटरीच्या तिकिटाची किंमत म्हणून २६ डॉलर फार वेडेपणाचे नव्हते. ज्याने आपल्या शंभर रुपयांतले दोन रुपये तिथे लावले, त्याचे पावणेदोन गेले. दुःख आहे, पण घर चालू आहे. ज्याने साठ लावले, त्याचे पन्नास गेले. औषध तेच, कंपनी तीच, निवेदन तेच. फरक फक्त रकमेचा, आणि ती रक्कम कुणी कंपनीने येऊन ठरवली नव्हती.

साठ एकदम कुणी लावत नाही, हळूहळू होतात, ‘ॲव्हरेज’ करता करता. समजा १०० डॉलरला १०० शेअर घेतले. भाव ५० झाला, आणखी १०० घेतले. २६ झाला, आणखी २००. एकूण घातले २०,२०० डॉलर, शेअर ४००, सरासरी भाव साडेपन्नास. डोक्यात आकडा शंभरावरून पन्नासावर आला, बरं वाटलं. निकालानंतर ४ डॉलर ३० सेंटच्या हिशोबाने हातात उरले १,७२०. पहिल्या १०० शेअरवर थांबला असता तर तोटा ९,५७० होता, सरासरी सुधारण्याच्या नादात तो १८,४८० झाला. आणि ८४ टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला सहापटीहून जास्त वर जावा लागतो. बोअरवर उभा असलेला शेतकरीही हेच म्हणतो, ‘एवढं खोल आलोय, आता पन्नास फूट काय!’ पण पाण्याला तुमचा खर्च ठाऊक नसतो.

मग स्वतःची जबाबदारी म्हणजे नेमकं काय? स्वतःला शिव्या घालणं नव्हे. तो प्रकार मी जवळून पाहिलाय आणि त्यातून काही निघत नाही, माणूस रात्र रात्र झोपत नाही आणि घरात कुणाशी बोलत नाही एवढंच. बायोटेकचा शेअर घेणाऱ्याने घेण्याच्या दिवशीच अर्ध्या पानावर लिहून ठेवावं: का घेतोय, पुढचा निकाल कधी आहे, काय झालं तर विकणार, आणि सगळे गेले तर घरात काय अडेल. बस. निकालानंतर तो कागद काढायचा. त्यातलं जे खोटं सांगितलं गेलं म्हणून फसलं, ते कंपनीच्या खात्यात, त्यासाठी खुशाल भांडा, सामूहिक दाव्यात नाव द्या, संचालकांच्या निवडणुकीत विरोधात मत टाका. जे कागदावर असून आपणच पाळलं नाही, ते आपल्या खात्यात. कागदच नसेल, तर मग प्रत्येकाची आठवण सोयीची होते. आपण विकणारच होतो, असं नंतर सगळ्यांनाच आठवतं.

कॅसावाने २०२५ मध्ये दुसरी मोठी चाचणीही फसल्यावर अल्झायमरचं काम गुंडाळलं. सिमुफिलाम मात्र संपलेलं नाही. एका दुर्मिळ आजारात येणाऱ्या आकड्यांसाठी, म्हणजे फिट्ससाठी, ते तपासून पाहायचं ठरलं. नवी जागा, नवा नारळ.

राहिलं तिसरं खातं, प्राप्तिकराचं. पुण्या-मुंबईतून अमेरिकी शेअर घेणारे आता पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. अशा शेअरमधला तोटा कागदावर पडून असला तर करात काही उपयोगाचा नाही, विकल्यावरच तो तोटा धरला जातो. दोन वर्षांहून जास्त ठेवलेला असेल तर तो दीर्घकालीन, आणि दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो. पुढची आठ वर्षं तो ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. शेअर विकला नसेल तरी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो दाखवावा लागतोच. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना नफ्यातून वजा करून उरलेला तोटा पगारासारख्या उत्पन्नातून वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत वजा करता येतो, बाकीचा पुढे. मात्र विकण्याच्या आधी किंवा नंतर तीस दिवसांच्या आत तोच शेअर पुन्हा घेतला, तर अमेरिकी कायदा तो तोटा तेव्हा धरत नाही. ‘आता तर चारलाच मिळतोय’ म्हणून डिसेंबरात परत घेणारे होते, त्यांनी आपल्या सीएला विचारून घ्यावं.